चार वर्षांची ‘सायनस’ आणि खिडकीसमोरचा रिकामा प्लॉट : गाजर गवताच्या परागांचे एक प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या ३६ वर्षांच्या एका शिक्षिकेचे म्हणून मांडले आहे. ती एकच एक व्यक्ती नाही. शहराच्या उपनगरांतून पावसाळा सरता सरता लोक ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांतून हे चित्र जुळवले आहे. त्यामुळे कोणाची ओळख उघड होत नाही आणि औषधांच्या वेळा, मात्रा, चुका एकाच ठिकाणी सलग दाखवता येतात. आकडेही तसेच, नमुन्याचे समजावेत. औषधांची नावे आणि मात्रा प्रौढांसाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या आहेत. आपल्यासाठी कोणते औषध आणि किती, हे आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

बाई धायरीत राहतात. पहिला मजला, बेडरूमची खिडकी पूर्वेला, आणि खिडकीपासून साधारण ३० मीटरवर १० गुंठ्यांचा रिकामा प्लॉट. शाळा सकाळची, ७ किलोमीटरवर, जाणे-येणे स्कूटरने. चेहऱ्याला स्कार्फ, वर हेल्मेट. प्रार्थना मैदानात होते.

तक्रार चार वर्षांची. ऑगस्टच्या मध्याला सुरू होते. उठल्याबरोबर ओळीने १५-२० शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, टाळू आणि कानाच्या आत खाज, डोळे लाल. दुपारी जरा बरे, संध्याकाळी मात्र नाक गच्च, रात्री तोंडाने श्वास. सप्टेंबरअखेर रात्रीचा कोरडा खोकला त्यात भर घालतो. दिवाळी उलटली की सगळे आपोआप थांबते. सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे तपासायचे नेमके तेच आठवडे.

या चार वर्षांत ‘सायनस’ म्हणून अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले, एक एक्सरे झाला, रोज वाफारा झाला. औषधाच्या दुकानातून लिव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेल्युकास्ट या अॅलर्जीच्या दोन औषधांची एकत्र गोळी ‘लागेल तशी’ घेतली गेली. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब गेल्या मोसमात सलग सहा आठवडे टाकले. मागच्या वर्षी एका डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रेही दिला होता. त्याबद्दल बाईंचे मत एका वाक्यात: “त्याने काहीच फरक पडला नाही.”

सायनस का नव्हे

सायनसच्या जंतुसंसर्गात घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, गालात किंवा कपाळात दुखणे, कधी कधी ताप आणि वास कमी होणे असे चित्र दिसते. खाज नसते. इथे उलट आहे: खाज भरपूर, पाणी पातळ, ताप एकदाही नाही. शिवाय दोन्ही नाकपुड्या सारख्याच त्रास देतात. फक्त एकाच बाजूने नाक बंद असेल किंवा एकाच बाजूने रक्त येत असेल तर अॅलर्जी म्हणून सोडून देऊ नये, कान-नाक-घसा तज्ज्ञांना नाकात बघू द्यावे.

दुसरा धागा तारखेचा. बाईंनी जुने मोबाइलमधले मेसेज चाळून पाहिले. मैत्रिणीला “परत सुरू झालं गं” असे लिहिल्याच्या तारखा चारही वर्षे १२ ते २० ऑगस्टच्या दरम्यान निघाल्या. सर्दीचे विषाणू इतके वक्तशीर नसतात. फूल मात्र वक्तशीर असते.

तिसरा धागा गणपतीत सापडला. रत्नागिरीजवळच्या सासरी पाच दिवस असताना शिंका जवळजवळ थांबल्या आणि धायरीला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी पुन्हा सुरू झाल्या. ही खूण उपयोगी आहे, पण पुरावा नव्हे. गावी गेल्यावर बाहेरची हवा बदलते, तशीच गादी, उशी आणि घरातली धूळही बदलते. म्हणून पुढची पायरी वहीची आणि चाचणीची.

वहीत १४ दिवस चार गोष्टी लिहायच्या: शिंका, नाक वाहणे, नाक चोंदणे, खाज. प्रत्येकीला ० ते ३ गुण. ० म्हणजे नाही, १ म्हणजे जाणवते पण त्रास नाही, २ म्हणजे त्रास आहे पण काम होते, ३ म्हणजे झोप किंवा काम मोडते. एकूण १२ पैकी. बाईंची पहिल्या आठवड्याची सरासरी ९ आली. त्रास आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांहून जास्त टिकत असेल, आणि झोप-काम बिघडत असेल, तर त्याला ‘सततची, मध्यम ते तीव्र’ अॅलर्जिक ऱ्हायनायटिस, म्हणजे नाकाची अॅलर्जी, म्हणतात. अशा त्रासाला नुसती ‘लागेल तशी’ गोळी पुरत नाही.

या वहीचा आणखी एक उपयोग झाला. रविवारी, घरातच असताना, गुण कमी होण्याऐवजी तेवढेच राहत होते. म्हणजे कारण शाळेच्या मैदानात किंवा रस्त्यावरच होते असे नाही, ते घरापर्यंत पोचत होते.

चाचणी, आणि तिचा अर्थ लावणे

त्वचेवरची प्रिक टेस्ट ठरली. त्याआधी ७ दिवस अॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते. सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्येही त्याच जातीचे औषध असते हे लोक विसरतात आणि चाचणी फुकट जाते. हातावर अॅलर्जनचे, म्हणजे अॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांचे, थेंब ठेवून बारीक सुईने वरवर टोचतात आणि १५-२० मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे अॅलर्जीत खाज-सूज आणणाऱ्या द्रव्याचा असतो, तो उठलाच पाहिजे. एक सलाइनचा, तो उठता कामा नये. हे दोन बरोबर आले नाहीत तर बाकीचे आकडे वाचण्यात अर्थ नसतो.

निकाल असा: हिस्टामिन ६ मिलीमीटर, सलाइन ०. गाजर गवत ८. हरळी ४. घरातल्या धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, ३. वावळाचे झाड ०, झुरळ ०.

गांध ३ मिलीमीटर किंवा मोठी असेल तर चाचणी पॉझिटिव्ह म्हणतात. पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने ओळख ठेवली आहे, एवढेच. आजार त्यामुळेच आहे का, हे तक्रारीच्या वेळेशी ताडून ठरते. बाईंना जानेवारी ते जुलै काहीच होत नाही, आणि माइट तर बारा महिने गादीत असतात. म्हणून ३ मिलीमीटरची ती नोंद लक्षात ठेवायची, तिच्यामागे धावायचे नाही. वावळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीनंतर फुलते. तो मोसम बाईंना स्वच्छ जातो आणि चाचणीही ० आहे, दोन्ही जुळते. हरळीसारखी गवतेही पावसाळा संपताना फुलतात, तीही यात सामील आहेत. मुख्य दोषी मात्र गाजर गवत.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड अॅलर्जी पॅनेल’ नावाची महाग रक्ततपासणी अशा रुग्णांच्या माथी सहज मारली जाते. परागांच्या नाकाच्या तक्रारीला तिचा काही उपयोग नाही. तिच्या कागदावरून दूध, गहू, शेंगदाणे बंद करून माणसे अशक्त होतात आणि शिंका तशाच राहतात.

गाजर गवत हे सूर्यफूल-झेंडूच्या कुळातले, मूळचे उष्ण अमेरिकेतले. भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५५-५६च्या सुमाराची, आणि तीही पुण्यातलीच. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्रास मानले जाते, काँग्रेस गवत हे नाव त्या काळातले. पाने गाजरासारखी कातरलेली, फुले ३ ते ५ मिलीमीटरची, पांढरी, पाच टोकांची, म्हणून काही भागांत चटकचांदणी. अमेरिकेत मराठी माणसांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छळणारे रॅगवीड याच कुळातले आहे आणि दोघांच्या परागांची अॅलर्जी एकमेकांत मिसळते. त्यामुळे गाजर गवताची अॅलर्जी असलेल्या आई-वडिलांनी त्याच महिन्यांत न्यू जर्सीला मुलाकडे जायचे ठरवले तर औषध बरोबर न्यावे. ‘इथली हवा तिथे नाही’ या भरवशावर राहू नये.

नाकात काय होते, आणि तारीख का महत्त्वाची

पराग नाकाच्या ओल्या अस्तरावर बसतो आणि त्यातली प्रथिने काही मिनिटांत सुटतात. अस्तरातल्या मास्ट पेशींवर आयजीई नावाची प्रतिपिंडे आधीच चिकटून बसलेली असतात. प्रथिनांनी ती जोडली गेली की पेशी हिस्टामिन सोडते. शिंका, खाज, पाणी हे त्या पहिल्या अर्ध्या तासाचे काम. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. तेव्हा सूज आणणाऱ्या पेशी जमा होतात आणि नाक चोंदते. सकाळी शिंका, संध्याकाळी गच्च नाक, हा बाईंचा दिनक्रम म्हणजे याच दोन लाटा.

अॅलर्जीची गोळी पहिल्या लाटेवर चांगली चालते, चोंदण्यावर फारशी नाही. स्टिरॉइडचा स्प्रे दोन्हींवर चालतो, पण त्याला पूर्ण जोर धरायला एक ते दोन आठवडे लागतात.

शिवाय मोसम जसजसा पुढे सरकतो तसतसे अस्तर चिडखोर होत जाते. ऑगस्टमध्ये शंभर परागांनी जेवढ्या शिंका येत होत्या, तेवढ्या सप्टेंबरात दहा परागांनी येऊ लागतात. म्हणून उशिरा सुरू केलेले तेच औषध, त्याच मात्रेत, कमी पडते. बाईंनी मागच्या वर्षी स्प्रे १० सप्टेंबरला सुरू केला होता. औषध बरोबर होते, तारीख चुकली होती.

स्प्रेची बाटली नऊ आठवडे कशी पुरली

तारखेच्या जोडीला आणखी काही चुकत होते, ते एका साध्या प्रश्नातून बाहेर आले.

“बाटली कधी संपली?”

“संपली कुठे डॉक्टर, नोव्हेंबरच्या मध्याला टाकून दिली. थोडी होतीच.”

फ्लुटिकासोन प्रोपिओनेट या स्टिरॉइडच्या स्प्रेची नेहमीची मात्रा: दर फवाऱ्याला ५० मायक्रोग्रॅम, प्रत्येक नाकपुडीत २ फवारे, दिवसातून एकदा. म्हणजे दिवसाला ४ फवारे. १२० फवाऱ्यांची बाटली रोज नेमाने वापरली तर ३० दिवसांत संपायला हवी. ती नऊ आठवडे पुरली आणि उरलीही, म्हणजे निम्म्याहून कमी औषध नाकात गेले. सुरुवातीला चार दिवस घेतले, फरक नाही म्हणून सोडले, मग जास्त झाले की एखाद-दुसरा फवारा. स्प्रेला ‘लागेल तसे’ चालत नाही, तो रोजच हवा.

तोही कसा मारायचा, हे बाईंना कोणी दाखवले नव्हते. त्या मान मागे टाकून, उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत, सरळ आत फवारा मारत आणि जोरात ओढत. सरळ आत म्हणजे मधल्या पडद्यावर. दहा दिवसांत नाकातून रक्ताचे थेंब आले, भीती वाटली, बाटली कपाटात गेली. जोरात ओढल्याने उरलेले औषध घशात जात होते. घशात कडू लागते म्हणजे औषध जागेवर बसलेले नाही.

बरोबर पद्धत अशी. बाटली हलवायची. नवी असेल किंवा आठवडाभर वापरली नसेल तर हवेत फवारे मारून बारीक धुके येऊ द्यायचे. नाक हलके शिंकरायचे. मान किंचित खाली, पायाची बोटे दिसतील एवढी. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्या नाकपुडीसाठी उजवा. हात आडवा आल्याने टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळते आणि पडदा वाचतो. फवारा मारताना फुलाचा वास घ्यावा तितकाच हलका श्वास. नंतर १० मिनिटे नाक शिंकरायचे नाही. एवढ्या बदलाने रक्त थांबले.

थेंबांची सवय वेगळी सोडवावी लागली. झायलोमेटाझोलिन ३ ते ५ दिवसांपेक्षा जास्त टाकले की उतार पडताना अस्तर आधीपेक्षा जास्त सुजते, मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. यावर जमलेला मार्ग असा: स्प्रे दोन्ही नाकपुड्यांत सुरू ठेवायचा, थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद करायचे. ती बाजू पाच-सात रात्री त्रास देते, पण दुसरी उघडी असल्याने झोप लागते. ती मोकळी झाली की दुसरीतले बंद.

गोळी बदलली. लिव्होसेट्रिझिनने बाईंना पहिल्या तासाला डुलकी येई आणि त्या स्कूटर चालवत. त्याऐवजी फेक्सोफेनाडिन १८० मिलीग्रॅम दिवसातून एकदा, पाण्याबरोबर. मोसंबी, संत्रे किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर तिचे शोषण बरेच कमी होते. शाळेच्या डब्यात रस असायचा, तो दुपारी सरकवला. मॉन्टेल्युकास्ट थांबवले. झोप, मनःस्थिती आणि वागणुकीवरच्या परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर कडक इशारा घातला आहे. बाकीची औषधे पुरत असतील तर नाकाच्या अॅलर्जीला ते पहिल्या फळीत नको. आपल्याकडे मात्र ती जोडगोळी लिमलेटच्या गोळ्यांसारखी मागून घेतली जाते.

डोळ्यांसाठी ओलोपाटाडिन ०.१ टक्क्याचे थेंब दिवसातून दोनदा, आणि थंड पाण्याच्या घड्या. डोळे चोळणे बंद. चोळल्याने तात्पुरते सुख मिळते, पण वर्षानुवर्षे चोळण्याने बुबुळाचा आकारही बिघडू शकतो.

रात्रीच्या खोकल्यासाठी फुंकणीची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री केली. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावर पहिल्या सेकंदाला बाहेर टाकलेली हवा १४ टक्के आणि ३१० मिलिलिटरने वाढली. १२ टक्के आणि २०० मिलिलिटरच्या पुढे वाढ म्हणजे दम्याची खूण. नाक आणि छाती ही एकच वाट आहे, वरचे टोक सुजले की खालचेही चिडते. दम्याचा इन्हेलर सुरू झाला. बाईंना तो शब्द जड गेला, घरी सांगायला दोन दिवस लागले. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही’ हा समज घराघरांत आहे. खरे तर मोसमी दम्याला मोसमापुरता नियमित इन्हेलर हा धाप लागून मध्यरात्री दवाखाना गाठण्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बोलताना धाप लागणे, छातीत शिट्टी वाजणे, इन्हेलर घेऊनही आराम न पडणे, यात घरी थांबायचे नाही.

जलनेती

नाक धुण्याने परागच बाहेर पडतात, म्हणून हा उपाय सोपा आणि चांगला. बाईंनी तो आपणहून सुरू केला होता आणि चौथ्या दिवशी सोडला होता, कारण नाकात आग झाली. कारण पाण्यात होते. त्या कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालत. शरीराच्या पाण्याइतका खारटपणा नसला की अस्तर झोंबते.

माप असे: १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे ५ मिलिलिटरच्या औषधी चमच्याने दीड सपाट चमचा. वर पाव चमचा खाण्याचा सोडा घातला की आणखी सौम्य होते. खडेमीठ चमच्याने मोजू नये, मधल्या पोकळीमुळे माप चुकते. दुकानात मिळणारी तयार पुडी घेतली तरी चालते. पाणी उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळून, झाकून, कोमट होऊ द्यायचे. आरओ किंवा फिल्टरचे पाणी थेट वापरायचे नाही. न उकळलेल्या पाण्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि तो जीवघेणा असतो. तयार केलेले पाणी २४ तासांत संपवायचे.

बेसिनवर वाकून, मान एका बाजूला, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घेत एका नाकपुडीतून साधारण १२० मिलिलिटर, मग दुसरीतून. नंतर पुढे वाकून मान डावी-उजवीकडे करत पाणी निथळू द्यायचे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरले तर पाणी कानाकडे जाते. संध्याकाळी घरी आल्यावर नेती, १० मिनिटांनी स्प्रे. उलट क्रम केला तर औषध बेसिनमध्ये जाते.

स्कार्फ

घरातल्या सवयींत सगळ्यात अनपेक्षित गोष्ट स्कार्फची निघाली. पुण्यात स्कूटरवरच्या बाया चेहरा पूर्ण गुंडाळून घेतात, धूर-धुळीला ते बरेही पडते. बाईंचा सुती स्कार्फ मात्र आठवड्यातून एकदाच धुतला जाई. रोज १४ किलोमीटर त्यावर पराग अडकत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला तोच पट्टा नाकावर घट्ट बसे. वहीत ७ च्या आतल्या शिंका सोमवारी कमी आणि शुक्रवारी जास्त दिसत होत्या; स्कार्फ रविवारी धुतला जाई. पाच स्कार्फ झाले, रोज एक. आतून एन-९५ मास्क. हेल्मेटचे आतले अस्तर निघणारे होते, ते दर शनिवारी साबणाच्या पाण्यात.

कपडे आणि विशेषतः चादरी-उशांचे अभ्रे बाल्कनीत वाळत. ओल्या कापडावर पराग चिकटतात आणि रात्रभर उशीवर राहतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर चादरी आतल्या खोलीत पंख्याखाली. केस रात्री झोपण्याआधी धुणे किंवा निदान ओल्या फडक्याने पुसणे. सकाळी आंघोळ करून रात्री परागांचे डोके उशीवर टेकवण्यात काही मिळत नाही. प्लॉटकडची खिडकी दिवसभर बंद, मागची उघडी. चांगला पाऊस पडून गेला की हवा धुतली जाते, तेव्हा तासभर सगळे उघडायला हरकत नाही. झाडू कोरडा मारायचा नाही, आधी ओले पुसून घ्यायचे.

एअर प्युरिफायरबद्दल विचारणा झाली. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. ताशी पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राची स्वच्छ हवा देण्याची क्षमता ताशी १६० घनमीटर तरी हवी, आणि खिडकी बंद हवी. एवढे खर्चूनही स्कार्फ आणि चादर तशीच राहिली तर उपयोग अर्धाच. म्हणून तो यादीत शेवटी गेला, आणि लागला नाही.

दिवाळीची साफसफाई हा वेगळा फास आहे. गाद्या, माळे, जुनी पुस्तके झटकली की माइटची धूळ उडते, आणि चाचणीतले ते ३ मिलीमीटर याच आठवड्यात जागे होते. मास्क लावूनच किंवा दुसऱ्याकडून करून घेतलेले बरे. झेंडूची तोरणे लोकांना उगाच भिववतात. झेंडूचा पराग जड आणि चिकट, तो कीटक वाहतात, वारा नव्हे. दारावर हार असू द्यावा, ओंजळीत घेऊन वास घेत बसू नये.

प्लॉट

पहिल्या वर्षी सोसायटीने क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला आणि प्लॉटच्या मालकालाही कळवले. सप्टेंबरच्या मध्याला माणसे आली आणि कमरेइतके, पूर्ण फुललेले गाजर गवत पेट्रोलच्या कटरने कापून गेली. पुढचे तीन दिवस बाईंच्या वहीतले गुण ११, १२, ११. फुललेले गवत कापणे म्हणजे परागांची पिशवी फोडणे. शिवाय बुडखे जमिनीतच राहिले, चार आठवड्यांत त्यांना फुटवे आले आणि ते पुन्हा फुलले. एका झाडाला हजारोंनी बिया धरतात, त्या मातीत पडल्या ते निराळेच.

जूनच्या पहिल्या पावसांत ते उगवते आणि साधारण महिना-सव्वा महिन्यात फुलू लागते. म्हणून काढायची वेळ १० ते २५ जुलै. जमीन ओली, रोप वीतभर-हातभर, फूल नाही. मुळासकट उपटायचे. बी टप्प्याटप्प्याने उगवत असल्याने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा फेरी. फुलाआधी उपटलेले कंपोस्टला चालते. जाळायचे नाही. मोकळ्या झालेल्या जागेवर पावसाच्या सुरुवातीला टाकळ्याचे, म्हणजे तरोट्याचे बी फेकले तर तो दाट वाढून गाजर गवताला दाबतो. मेक्सिकोहून १९८३-८४ च्या सुमारास आणलेला झायगोग्रामा भुंगा पाने खातो, पण तो भर पावसाळ्यातच काम करतो, त्याच्यावर एकट्यावर विसंबता येत नाही.

उपटणार कोण, हा प्रश्न हलका नाही. ज्यांना नाकाची किंवा कातडीची अॅलर्जी आहे त्यांनी मुळीच नाही. आणि रोजंदारीवर आलेल्या बायांच्या हाती कोणी हातमोजे देत नाही. या गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याने मान, पापण्या, कोपराच्या वळ्या लाल होऊन चिघळतात. ती अॅलर्जी वेगळ्या जातीची, दोन-तीन दिवसांनी उमटणारी, आणि एकदा बसली की वर्षानुवर्षे उन्हात गेल्या की भडकते. दुसऱ्या वर्षी सोसायटीने मजुरीबरोबरच प्रत्येकीला रबरी हातमोजे, लांब बाह्यांचा जुना शर्ट आणि मास्क दिला, आणि काम झाल्यावर हात-तोंड साबणाने धुवायला पाण्याची टाकी. खर्च फार आला नाही. हे पहिल्याच वर्षी सुचायला हवे होते.

दुसरा मोसम

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखा चिकटवल्या. १५ जुलै: प्लॉटची पहिली फेरी. १ ऑगस्ट: स्प्रे सुरू, शिंक आलेली असो वा नसो. त्याच दिवशी इन्हेलरबद्दल डॉक्टरांची भेट. १५ नोव्हेंबर: स्प्रे बंद. १०७ दिवसांना ४ फवाऱ्यांच्या हिशेबाने ४२८ फवारे, म्हणजे चार बाटल्या. सप्टेंबरअखेर गुण सलग तीन आठवडे ३ च्या खाली राहिल्यावर डॉक्टरांनी मात्रा प्रत्येक नाकपुडीत एका फवाऱ्यावर आणली, त्यामुळे तीन बाटल्यांतच भागले.

वहीतली मोसमभराची सरासरी ३ आली. गोळी ११ दिवस लागली. अँटिबायोटिक एकदाही नाही. रात्रीचा खोकला दोन रात्री, दोन्ही परतीच्या पावसात विजांचा गडगडाट झाल्यानंतरच्या. वादळात ओलाव्याने पराग फुटून त्यांचे अगदी बारीक कण होतात आणि ते नाकात न अडकता छातीत उतरतात. मेलबर्नला नोव्हेंबर २०१६ मध्ये राय गवताच्या परागांनी असेच घडून एका संध्याकाळी हजारो लोकांना धाप लागली आणि काही दगावले. तेव्हापासून विजांचे ढग दिसले की बाई खिडक्या लावतात आणि इन्हेलर पर्समध्ये आहे ना ते बघतात.

इम्युनोथेरपीचा, म्हणजे त्याच परागांचे वाढत्या मात्रेचे इंजेक्शन घेऊन शरीराला सवय लावण्याचा विषय निघाला. ती तीन ते पाच वर्षे चालते. दर इंजेक्शननंतर ३० मिनिटे दवाखान्यातच थांबावे लागते, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते. दमा आटोक्यात नसताना ती देत नाहीत. औषधाने ३ गुणांवर आलेल्या माणसाने लगेच तिकडे वळायची घाई नाही. गुण पुन्हा ६ च्या वर गेले किंवा इन्हेलर मोसमाबाहेर लागू लागला तर सुरू करायचे, असे ठरले.

जानेवारीत प्लॉटवर बांधकामाचा फलक लागला आणि खोदकाम सुरू झाले. उकरलेल्या मातीत, पत्र्याच्या कुंपणाच्या कडेने, गाजर गवतच सगळ्यांत आधी उगवते. यंदाची १५ जुलैची फेरी त्या कुंपणाच्या आतून घ्यायची आहे, त्यासाठी साइटवरच्या मुकादमाला मे महिन्यातच सांगून ठेवले आहे.